धान निंगला का देतो

आमच्या घरी सायकल एकच. बाबा ती घेऊन गेले की माझं कॉलेज बुडायचं, मी नेली की बाबांचं काम. बाबा मोटरपंपाचे मिस्त्री. दवनीवाड्याकडच्या शिवारात कुणाची मोटर जळाली की तांब्याच्या तारांची पिशवी हँडलला अडकवून निघायचे. आम्हाला शेत नव्हतं. पंपाने पाणी फेकलं की शेतकरी म्हणायचा, "मिस्त्री, धान निंगला का देतो." म्हणजे पीक निघालं की मजुरी. बाबा मान हलवायचे. आणि दिवाळीनंतर लोक खरंच द्यायचे, कुणी पैसे, कुणी पोतंभर धान. तोवर आई दुकानदाराला तेच वाक्य सांगून डाळ आणायची आणि रोज तिच्यात थोडं जास्त पाणी घालायची.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी माझी हजेरी कमी पडली. अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही, असं कॉलेजने सांगितलं. बाबांनी मला सोबत घेतलं, गोंदिया गाठलं आणि किस्तीवर, म्हणजे महिन्याच्या हप्त्यांवर, स्कुटी काढली. कागद इंग्रजीत, सह्या मराठीत.

घरी आल्यावर आईने बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. शेजारची काकू म्हणाली, "निंबू-मिरची तरी बांध वं गाडीले."

"आमच्यात नाही चालत," आई म्हणाली. "पेट्रोल टाकलं का गाडी चालते."

त्या दिवशी आम्ही खूप हसलो.

मग पावसाळा आला. पावसात पंप बंद, म्हणजे मिस्त्रीही बंद. किस्ती थकल्या, पण बाबा निवांत होते. फायनान्स कंपनीचा फोन आला की सांगायचे, "धान निंगला का देतो, सगळे एकदमच. थोडे वरून घ्या." शब्द दिला, विषय संपला, असं त्यांना वाटायचं. आयुष्यभर त्यांनी लोकांकडून असाच शब्द घेतला होता आणि तो कुणी मोडला नव्हता.

एक दिवस फायनान्सची दोन माणसं दारात आली. बाबांनी खुर्च्या टाकल्या, आईला चहा ठेवायला सांगितलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

"चाचा, धान किसका?" त्यातल्या एकाने विचारलं. "खेत है आपका?"

"नाही. लोकायचा हाये."

तो हसलासुद्धा नाही. त्याने किल्ली मागितली. बाबांनी सीटवरचा चिखल गमछ्याने पुसला, डिक्कीतली माझी पुस्तकं काढून माझ्या हातात दिली, मग किल्ली दिली. चहा चुलीवर उकळतच राहिला.

गाडी गेली म्हणजे कर्ज फिटलं, असं आम्ही धरून चाललो. तसं नसतं. त्यांनी गाडी लिलावात विकली आणि उरलेली रक्कम, दंडासकट, बाबांच्याच नावावर राहिली. त्या वर्षी धान निघाला, लोकांनी दिला, तो सगळा तिकडे गेला. नसलेल्या गाडीच्या किस्ती आम्ही भरल्या.

त्यानंतर बाबा नगद मागू लागले. नाइलाज होता. पण ज्यांच्या बांधावर बसून त्यांनी अर्धी हयात पंप उघडले, त्यांना ते लागलं. चौकात एक जण म्हणाला, "काऊन मिस्त्री, तू बी फायनान्सवाला झाला का?" बाकीचे हसले. बाबा मान खाली घालून घरी आले. हळूहळू लोक मोटर गोंदियाला नेऊ लागले.

हजेरीचा प्रश्न होताच. एका सकाळी बाबांनी सायकलमध्ये हवा भरली आणि ती माझ्यापुढे उभी केली.

"तुमचं काम?" मी विचारलं.

"तू जा बाई. मले आता कोन बलावून रायला?"

आता बाबा गोंदियातल्या एका राईस मिलच्या फाटकावर चौकीदार आहेत. तारांची पिशवी घरी खुंटीला लटकलेली आहे, ती त्यांनी परत काढली नाही. त्या सायकलवर मी हजेरी भरली, परीक्षा दिल्या आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली.