बुडून मेलेल्या मरळी

घोड नदीच्या काठी, मंचरपासून दोन कोसांवर साळुबाईची वाडी. नवरा गेल्यावर तिनं त्याचं जाळं खांद्यावर घेतलं आणि वीस वर्षं त्यावर पोट भरलं. बाईनं जाळं टाकायचं, हे वाडीला आधी रुचलं नव्हतं. पुढं तिची पाटी भरून यायला लागली, तसे बोलणारे गप्प झाले.

सन छप्पनच्या उन्हाळ्यात मंचरच्या, तिच्याकडून नेहमी मासळी घेणाऱ्या दिलशादचा निरोप आला. तिची लेक हसीना बाळंत झाली होती, फार अशक्त होती. तिच्या कालवणाला मरळ हवी, तीही जिवंत. त्याच सांजेला साळुबाईला तीन मरळी घावल्या. दोन तिनं झाकणाच्या बांबूच्या टोपलीत घातल्या आणि पाणमांजरानं नेऊ नयेत म्हणून धोंडा बांधून टोपली डोहाच्या तळाशी सोडली. तिसरी मावेना, ती घरी घागरीत ठेवली, वीतभर पाण्यात.

सकाळी टोपली वर काढली, तर दोन्ही मरळी मेलेल्या. अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"इख घातलं कुणीतरी!" साळुबाई किंचाळली.

शेजारचा जानकू पूर्वी हिंगणाची विषारी साल पाण्यात टाकून मासे मारायचा, हे साऱ्यांना माहीत होतं. माणसं जमली. जानकू परोपरीनं सांगत होता, "वयनी, टोपलीत शिरलेली ही बारीक मासळी जिती हाय, बघ की! इख असतं तर ही वाचली असती व्हय?" कुणी ऐकलं नाही. दोघांनी त्याचं जाळं तिथंच कोयत्यानं फाडलं. साळुबाई बघत राहिली.

उरलेली मरळ घेऊन ती मंचरला गेली. दिलशादनं ती पाण्यानं भरलेल्या घंगाळात सोडली. थोड्या थोड्या वेळानं मरळ वर यायची, तोंड बाहेर काढायची, पुन्हा खाली जायची.

"सारखी वर का येती ही?" दिलशादनं विचारलं. "माणसावानी दम घ्यायला?"

"मासा कशाला दम घ्यायला वर यील?" साळुबाई हसली. आणि हसता हसता थांबली.

तिनं चाळण मागून घेतली आणि मरळीच्या वर पाण्यात दाबून धरली. मरळ खालून धडका देऊ लागली. बऱ्याच वेळानं धडका मंदावल्या, मग थांबल्याच. साळुबाईनं घाबरून चाळण काढली. मरळ कशीबशी वर आली आणि तिनं हवेचा घोट घेतला.

बहुतेक माशांचं पाण्यात विरघळलेल्या हवेवर, कल्ल्यांतून भागतं. मरळीचं तेवढ्यानं भागत नाही. कल्ल्यांच्या वर तिला एक पोकळी असते, ती बाहेरच्या हवेनं भरावी लागते. हे साळुबाईला कुणी सांगितलेलं नव्हतं. वीस वर्षं मरळींना वर येताना बघून त्या किडे टिपतात, असंच तिला वाटत आलं होतं.

"दिलशाद, मीच बुडवून मारल्या गं," ती म्हणाली. "मासा पाण्यात बुडून मेला!"

तशीच ती वाडीला परतली. सकाळची सगळी माणसं बोलावून जानकूच्या दारात तिनं चूक कबूल केली आणि स्वतःचं जाळं त्याच्या पायाशी ठेवलं.

जानकूनं ते उचललं नाही. "जाळं दुसरं मिळंल, वयनी," तो म्हणाला. "पण मला चोरावानी उभं केलेलं माझ्या पोरींनी बघितलं, त्याचं काय?"