पत्र घरात वाचायचं म्हणून

माझी बायको गेली त्याला या शिमग्यात वर्ष होईल. घरात भांडायला कुणी राहिलं नाही, म्हणून लिहितो.

तिचा एकुलता भाऊ घाटात रेल्वेच्या कामावर होता. तिथल्या कारकुनाकडून मोडीत पत्र लिहवून पाठवायचा. ते धक्क्यावर जकात घेणारा नाकेदार मोठ्यानं वाचायचा. तिच्या माहेरची भानगड तिच्याआधी गावाला कळायची, लोक हसायचे. एकदा ती म्हणाली, "तुमी शिका. नायतर पुढचं पत्र मी चुलीत घालीन."

मी तिशीचा घोडा, मिठागरात राबणारा. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण माझ्यासारखे आणखी सात निघाले. कल्याणच्या एका म्हाताऱ्या पंतोजीला गळ घातली. होडीवाला त्याला फुकट आणायचा, आगरालगतच्या ख्रिस्ती शेतकऱ्यानं पडवी दिली, आमच्या बायकांनी घरटी तांदूळ. आमच्या हातचं पाणी पंतोजीला चालत नसे, ख्रिस्त्याच्या झाडाचं शहाळं चालायचं. देवानंच झाकण लावलेलं म्हणे!

दुपारच्या सुटीत शिकायचो. पाट्या नव्हत्या. दिवाळीनंतर मिठाचा नवा वाफा तुडवून गुळगुळीत केला, तेव्हा आम्ही शहाण्यांनी त्या ओल्या चिखलावरच अक्षरं गिरवली. उन्हात ती दगडासारखी झाली. मुकादम भडकला. "मीठ काय अक्षरांतून खरवडू? उद्यापासून जो पंतोजीकडे जाईल त्यानं आगरात पाय ठेवायचा नाय!"

आम्ही आठजण मान खाली घालून उभे. पोट आधी. शाळा संपली असंच धरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ही आली. मागे गावच्या बायका, पडवीवाल्याचीही बायको, सगळ्यांचे कासोटे खोचलेले.

"दादा, चूक आमच्या गाढवांची," ती मुकादमाला म्हणाली. "वाफा आमी तुडवतो. तुमी पानी सोडा नि गप बसा." मग माझ्याकडे वळली, "तुमी काय बघताव? जावा, पंतोजी बसलाय."

सांजेपर्यंत त्या तुडवत होत्या. मुकादमानं वाफ्यावरून हात फिरवला. पुढं कधी अडवलं नाही.

पावसाळ्याआधी पत्र आलं. नाकेदारानं सवयीनं हात पुढं केला, हिनं ते पदराखाली घेतलं. घरी येऊन दार लावलं. मी घाम पुसत, अडखळत वाचलं.

"बैल पन यापेक्षा बिगी चालतो," ती म्हणाली. आणि पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा.

मलाही शिकवा, असं ती पुढं म्हणाली होती. वाचणारा घरात एक पुरे, म्हणालो मी. अक्कल नव्हती.

त्या पत्रात काय होतं ते इथं लिहिणार नाही. ती गेली म्हणून गावाला सांगायला मी मोकळा झालो, असं नाही.