पंचांसमोर वाजलेली कॅसेट

ही केस डोक्यातून जात न्हाई. नोकरीत खून बघितले, विहिरीतून काढलेल्या बाया बघितल्या, ते सगळं कवाच मागं पडलं. ही तेवढी राहिली. नावं सांगणार न्हाई, कुणाचीच.

मी पोलिसात कशी आले ते आधी सांगते. शिक्षण सातवी. मालक पोलिसात शिपाई होते. भूकंप झाला तवा ढिगारे उपसायच्या बंदोबस्तावर गेले, तिथून तापानं फणफणत आले ते परत उठलेच न्हाईत. त्यांच्या जागी मला घेतलं. दहावी मागून बाहेरून दिली. अहमदपूरकडच्या खेड्यातली मी, लेकरू सासूजवळ ठेवून खाकी साडी नेसले अन् लातुरात ड्यूटीला उभी राहिले. रडायला टाइम मिळाला न्हाई, मग ते राहूनच गेलं.

ही गोष्ट त्याच्या लई वर्षांनंतरची. तवर मी हवालदार झाले होते अन् लातूर क्लासचं गाव झालं होतं. गल्लोगल्ली होस्टेल, मेस, सायकलीवर पोरंच पोरं. एक दिवस दुपारी असाच एक पोरगा ठाण्यात आला, कपाळ फुटलेलं, संगं मामा. क्लासच्या गेटवर एका पोरीनं डब्यानं हाणलं म्हणून तक्रार. मामा लई तावात होता. "पोरगी हाय का पैलवान? स्टीलचा डबा चेमटला ओ साहेब." ठाण्यातले सगळे हसले. फौजदार साहेबांनी मला पोरीला घेऊन यायला लावलं.

पोरगी गेटजवळच पायरीवर बसली होती, डबा मांडीवर घेऊन. कामून मारलंस म्हणलं तर बोलंना. ठाण्यात आणली, तिथंबी बोलंना. घंट्याभरानं तिची आई आली. जुन्या गावात शिवणकाम करणारी मुसलमान बाई, नवरा वारलेला, गल्लीत सगळे तिला आपा म्हणायचे. तीबी साहेबासमोर खाली मान घालून उभी. बाईमाणूस टेबलासमोर बोलत न्हाई, हे मला माहीत होतं. मी तिला मागं पाण्याच्या टाकीजवळ नेलं. तोंड धू म्हणलं. तोंड धुता धुता ती बोलायला लागली.

तिचा नवरा सौदीत शिलाई करायचा. दोघांनाबी लिहिता येत न्हाई. मग हे कॅसेट भरून पाठवायचे. तिकडून कुणी गावाकडं आलं की त्याची कॅसेट यायची, इकडून कुणी जाणारं असलं की हिची जायची. भूकंप झाल्यावर त्याला कितीतरी दिवस हिची खबर नव्हती. त्यानं कॅसेटमधी रडून सांगितलं, तू जिती हाईस हे मला तुझ्या तोंडून ऐकू दे, अन् एकदा तरी माझं नाव घेऊन बोल. आता आपल्याकडं बाई नवऱ्याचं नाव घेत न्हाई, त्यांच्यातबी न्हाई. पण ती मैदानात पाल ठोकून राहिली होती, भिंती तडकलेल्या, जवळ तान्ही लेक. टेप पालात घेऊन तिनं त्याचं घरातलं लाडाचं नाव घेतलं. एकदा न्हाई, लई बार घेतलं. मधीच हसली. अन् बायको नवऱ्याशी जे बोलती तेबी बोलली.

पुढं तो आजारी होऊन आला अन् वारला. त्याच्या पेटीत तिच्या सगळ्या कॅसेटी निघाल्या. त्याच्या तिच्याजवळ होत्याच. शिलाई करता करता ती ऐकत बसायची. ऐकून ऐकून फिती रडायला लागल्या. मग लेक म्हणली, अम्मी, ह्या कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू, मग खराब व्हत न्हाईत. क्लासच्या भागात एक जण घरीच हे काम करायचा. कॅसेट टेपात लावायची, तिथून वायर कॉम्प्युटरला, अन् सीडी करून द्यायची. त्यानं करून दिली बी. तिला वाटलं मशीनच ऐकतं. पण कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ वाजवावीच लागती, अन् माणूस बाजूला बसून असतो.

त्यातला एक तुकडा पोरांच्या मोबाईलवर फिरून राहिला होता. नाव घेऊन हसल्याला. ती पोरगी क्लासला निघाली की पोरं बायकी आवाजात तिच्या बापाला त्या नावानं हाका मारायची.

"बाई, मला केस नको," आपा म्हणली. "फक्त ते बंद करा. अन् परत कुणी ऐकू नका."

मी साहेबांना सांगितलं. साहेब माणूस बरा होता. पोराच्या कपाळाची तक्रार त्यांनी बाजूला ठेवली अन् त्याचाच मोबाईल काढून घेतला. मामा मग गप पाय आपटत बाहेर गेला. पोरानं सांगितलं, मोबाईलमधी गाणी भरून देणाऱ्या दुकानातून आलं. दुकानवाल्याला आणला. तो म्हणला, त्या कॉम्प्युटरवाल्यानं गाण्यांसंगं दिलं. कॉम्प्युटरवाल्याला आणला तर तो साफ न्हाई म्हणला.

खोटं बोलणारा माणूस इचारलेल्यापेक्षा जास्त सांगतो. ह्याला चहा दिला तर चहा प्यायच्या आधीच म्हणला, मी तर सीडी देऊन मोकळा झालो, त्यांच्याच घरातून कुणीतरी काढलं असंल, मोठी पोरगी हाय घरात, तिचे मित्र असतील. कुणी पोरीचं इचारलंच नव्हतं. साहेबांनी दरडावलं, बसवून ठेवलं, पण तो सीडीवरून हटंना. अन् सीडी आपाच्या घरीच होती. तिथंच गाडी अडली.

शेवटी मी आपाला म्हणलं, एकदा तू ऐक. मोबाईलवरलं अन् सीडीवरलं, दोन्ही. बायांच्या खोलीत दार लावून घेतलं, मी अन् ती. मोबाईलवरलं वाजलं तसं तिनं पदर तोंडात धरला. मग एका जागी हात वर केला. म्हणली, इथं माझा आवाज बसला. खरंच बसला होता. जाड झाला, गड्यासारखा झाला, मग बंदच पडला, अन् जरा वेळानं परत उठला. ती म्हणली, माझ्या कॅसेटीला असं न्हाई. सीडीवर बघितलं, तिथंबी न्हाई.

साहेबांना सांगितलं तर ते उठून उभे राहिले. त्या वर्षी लोडशेडिंग लई होतं. लाईट गेली की टेप गळपटतो, पण कॉम्प्युटरला खाली बॅटरी असती, तो चालूच राहतो. म्हंजे लाईट गेली तवाची भरती बिघडली. गिऱ्हाइकाला त्यानं दुसऱ्यांदा भरून दिलं, अन् बिघडलेलं त्याच्याच कॉम्प्युटरात राहिलं. फिरत होतं ते तेच. सीडीतून निघालेलं न्हवंच ते.

त्याच्या घरी जाऊन कॉम्प्युटर उघडला, तर तसंच निघालं. आवाज बसल्याला. तवा तो खाली बसला. साहेबांनी इचारलं कामून केलं. "गंमत वाटली साहेब. एवढी बुरख्यातली बाई अन् काय बोलती म्हणून." बस, एवढंच. दुष्मनी न्हाई, काही न्हाई.

ठाण्यात सगळे खुश झाले. मलाबी वाटलं, झालं काम. पण काम तर तिथून सुरू झालं.

आपाला केस नको होती, पण कॉम्प्युटर उघडून माल सापडला म्हणल्यावर गुन्हा नोंदवावाच लागला, अन् तिच्या कॅसेटी अन् सीडीबी जमा झाल्या. मुद्देमाल जप्त केला की पंचनामा आला. आवाजाचा मुद्देमाल असला की तो पंचांसमोर वाजवावा लागतो अन् त्यात काय हाय ते शब्दाला शब्द लिहावं लागतं. पंच दोघं, एक हॉटेलवाला अन् एक हापिसातला शिपाई. पंच म्हणून बाई मिळती का बघा म्हणलं मी, दिवसभर हिंडले, ठाण्याची पायरी चढायला एकबी बाई तयार झाली न्हाई. आपाला बसवून घ्यावं लागलं, कॅसेटी तिच्या म्हणून. टेप लावला. रायटर लिहून राहिला होता. साधा माणूस, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण त्याला एका झटक्यात लिहिणं व्हत नव्हतं. "जरा मागं घ्या, नाव नीट ऐकू आलं न्हाई." परत लावलं. परत लावलं. मग ती हसली तिथं तो थांबला. हसणं कसं लिहायचं साहेब? साहेब म्हणले, कंसात लिही. त्यानं लिहिलं, स्त्री हसते. अन् पंचांना वाचून दाखवलं.

आपा रडली न्हाई. नजर टेपावर ठेवून होती. मी तिच्या शेजारी उभी होते अन् माझ्या मनात येत होतं, त्या पोरांनी तुकडाच ऐकला. आम्ही सगळं ऐकलं.

मग दोषारोपपत्र गेलं. त्याची एक नक्कल त्या कॉम्प्युटरवाल्याच्या वकिलाला मिळाली, कायद्यानं द्यावीच लागती. केस तारखेवर तारीख चालली. पोरीनं क्लास सोडला. हुशार पोरगी होती, डॉक्टर व्हायचं म्हणायची. मुखेडकडून एक स्थळ आलं. त्या लोकांच्या कानावर केसचं गेलं होतं. त्यांनी आपाला सरळ इचारलं, ती कॅसेट तुमचीच का. तिनं न्हाई म्हणून सांगितलं. हे तिनं मला कोर्टाच्या व्हरांड्यात सांगितलं, पुकारा व्हायच्या आधी. स्थळवाल्यांपैकी एक जण आत येऊन बसला होता.

मी सरकारी वकिलाकडं पळाले, दार लावून घ्यायला सांगा म्हणून. त्या दिवशी नेहमीचे वकील नव्हते. नवे म्हणले, बघतो. बघितलं न्हाई. कॅसेट लावली. भरल्या कोर्टात ती तिच्या नवऱ्याला नावानं हाका मारू लागली.

त्याच नव्या वकिलानं इचारलं, हा आवाज तुमचा हाय का?

टेपातून कॅसेटमधली ती हसत होती.

"न्हाई साहेब," ती म्हणली. "हा आवाज माझा न्हाई. कॅसेटबी माझी न्हाई."

तिला फितूर ठरवलं. कॉम्प्युटरवाला सुटला. पेढे वाटले का न्हाई मला माहीत न्हाई, पण पायऱ्या उतरताना त्यानं माझ्याकडं बघून नमस्कार केला.

निकालानंतर आपा ठाण्यात आली. लेकीचं लगीन होऊन गेलं होतं. साहेबांना म्हणली, कॅसेटी मिळतील का. साहेब लई वेळ कागद चाळत बसले. मग म्हणले, "आपा, कोर्टात तुम्हीच तुमच्या न्हाईत म्हणलात. आता मी कशा देऊ?"

"हाव," ती म्हणली. "मी म्हणले खरी." अन् बुरखा सावरून गेली. तिनं दुसऱ्यांदा इचारलं न्हाई. मलाबी न्हाई, साहेबांनाबी न्हाई.

हुकूम आला. कॉम्प्युटर मालकाला परत. त्यातली आवाज साठल्याली डबी, हार्ड डिस्क म्हणतात ती, कॅसेटी अन् सीडी बेवारस, नष्ट करावं. जप्तीचा माल ठेवतात त्या मालखान्याची ड्यूटी तवा माझ्याकडं होती. ठाण्याच्या मागं खड्डा केला, दोन पंच बोलावले, रॉकेल टाकलं. कॅसेटी जळत न्हाईत, आधी वाकतात, मग वितळतात. फीत मातूर भुर्रकन जाती. लई काळा धूर झाला. पंचांनी सह्या केल्या, खाली मीबी केली. कॉम्प्युटरवाला त्याच हप्त्यात येऊन रिक्षात त्याचं खोकं घालून घेऊन गेला.

ह्या केसनं काय शिकवलं म्हणाल तर, गुन्हेगार सापडणं अन् बाईला काही परत मिळणं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी हाईत. आमच्या ठाण्यातलं कुणी चुकीचं वागलं न्हाई. साहेब बरोबर होते, रायटर बरोबर होता, कोर्टबी कागदाला धरून होतं. तरी तिचं सगळं गेलं.

त्यानंतर असली तक्रार घेऊन बाई आली की मी कागद भरायच्या आधी तिला टाकीजवळ न्यायची अन् सगळं सांगायची. कोण ऐकंल, कोण लिहील, कितीदा वाजवतील, कुणासमोर वाचतील. काही लपवायची न्हाई. ऐकून एखादी तक्रार द्यायची. लई जणी उठून घरी गेल्या. मी एकीलाबी थांब म्हणले न्हाई.