राजाचा शाप आणि आईचा प्रतिसाद

माझ्या शापाने आजवर कुणाचंही वाकडं झालेलं नाही. एकदा विरारच्या भरल्या सभागृहात चांगला खणखणीत, वृत्तबद्ध शाप दिला होता. पण तो आमच्या आईने फुकट घालवला.

विरारमध्ये चंदनसारला राहायला आल्यापासून मी तिथल्या हौशी नाट्यमंडळात आहे. दरवर्षी भालदार! (भालदाराला एकच वाक्य असतं, 'जी महाराज'.) यंदा आमच्या दिग्दर्शक केळुसकर सरांनी स्पर्धेसाठी पद्यनाटक लिहिलं, तेही भुजंगप्रयात वृत्तात. राजाच्या भूमिकेसाठी चाचणी झाली. कुणी ते पद्य बालवाडीतल्या कवितेसारखं डोलत म्हणे, कुणी मागे कुत्रं लागल्यासारखं.

"अरे, पद्य गायचं नाही, बोलायचं!" सर कपाळ बडवून घेत. "चरण संपला की आवाज खाली आणा, थांबा, समोर बघा. शब्द लोकांच्या पोटात उतरू द्या!"

त्यासाठी आम्हाला उताणं झोपवून पोटावर जाडजूड शब्दकोश ठेवण्यात आले. शब्दकोश खालीवर झाले, पद्य काही हललं नाही. (एकाला झोप मात्र छान लागली.)

आणि मला सुचलं! नायगावजवळच्या आमच्या गावातल्या चर्चमध्ये मी दर रविवारी प्रार्थना वाचतो. एक विनंती वाचायची, शेवटी आवाज उतरवायचा, थांबायचं, लोकांकडे बघायचं. मग सगळे उभ्याने प्रतिसाद देतात, "हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!" सर सांगत होते ते हेच की! मी उठलो आणि त्याच ढबीत पद्य म्हटलं.

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "वा! कोणत्या गुरूकडे शिकलास?"

"फादरांकडे," मी म्हणालो.

राजा मी झालो. माझ्यापुढे गुडघे टेकणारा शत्रू झाला माझा मेहुणा जोसेफ. सरांनी बजावलं, "पास्कू, शापाला टाळी पडली तर पुढच्या नाटकाचा नायकही तूच. नाही पडली, तर भाला ठेवलाय जपून."

टाळी नशिबावर कशाला सोडा? मी आई, मावश्या आणि निम्मं गाव बोलावून पुढच्या दोन रांगा भरून टाकल्या. हा माझाच शहाणपणा!

प्रयोगात शापाचा प्रसंग आला. लाल प्रकाश. जोसेफ गुडघ्यांवर. मी हात उगारला,

"तुझी राजधानी, तुझे सैन्य सारे
जळो, राख होवो, उरो फक्त वारे!"

आवाज उतरवला. थांबलो. लोकांकडे बघितलं. पहिल्या रांगेत आई उठून उभी राहिली, तिच्यामागोमाग दोन्ही रांगा उठल्या आणि एका सुरात घुमल्या,

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक!"

विंगेतून सर फुसफुसले, "पुढे जा! थांबू नकोस!"

पण न थांबता पद्य म्हणायला मी शिकलोच कुठे होतो?

"तुझी मान तोडो रणी खड्ग माझे!"

पुन्हा थांबलो. आता मागे बसलेल्या, फुलपाड्याहून आलेल्या मंडळींना वाटलं, हे नाटकातच आहे. सगळं सभागृह उठलं! आणि सगळ्यांत मोठा आवाज जोसेफचा. हात जोडून, डोळे मिटून, हा गाढव स्वतःचीच मान तुटावी म्हणून प्रार्थना करत होता!

पडदा पडल्यावर मी रडवेला होऊन आईकडे धावलो. "आई, काय केलंस हे?"

"तू थांबलास ना? मग आमी गप कसे बसनार?" आई म्हणाली. "पोर एकलाच बोलतोय नि सगले बघत बसलेत, बरा दिसतो का?"

सरांनी येऊन माझा गळा धरलाच होता, तेवढ्यात निकाल लागला. 'प्रेक्षकांना सामील करून घेणारा धाडसी प्रयोग' म्हणून दिग्दर्शनाचं पहिलं बक्षीस! सरांनी धरलेला गळा सोडला, केस सारखे केले आणि माईकवर सांगितलं, "ही कल्पना गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यात घोळत होती."

माझ्या शापाला टाळी पडलीच नव्हती. पुढच्या नाटकात आई आणि मावश्यांना खास समूहस्वरासाठी घेतलंय. मी भालदार. फक्त 'जी महाराज' हे वाक्य काढून टाकलंय. सर म्हणाले, "नको रे बाबा, तू ते म्हणून थांबतोस!"