आईसाठी आडव्या केलेल्या खुर्च्या

मी कुवेतमधल्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नवरा आणि मी तिथल्याच सलवा भागात राहतो. इतकी वर्षं झाली, पण आई आमच्याकडे कधी आली नव्हती. तीही नर्स होती, सरकारी नोकरीतली. साताऱ्याच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर चालत जाऊन बाळंतपणं केलेली बाई. वडील गेले तरी गाव सोडायला ती तयार नव्हती. मग मध्यंतरी इथे घरच्या माणसांना भेटीचे व्हिसे पुन्हा मिळायला लागले आणि तिनं स्वतःच फोनवर सांगितलं, "थंडीत येते एकदा. तू कुठं ड्यूटी करतेस ते बघायचंय."

व्हिसा झाला, तिकीट झालं, राहिला तो प्रवासाचा विमा. तो निघण्याआधी तिकडेच काढायला हवा होता. ओळखीतून एक एजंट मुलगी मिळाली. ती आमच्या गावच्या घरी जाऊन आईसमोर बसली आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर. दोन पॉलिसी निवडून ठेवल्या होत्या, एक स्वस्त, एक महाग. मी माझ्या धंद्याप्रमाणे प्रश्न विचारत होते. आयसीयू धरलंय का, ऑपरेशनला मर्यादा किती, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे ते लिहायचं ना?

"लिहायचंच ताई," मुलगी म्हणाली. "लपवलं तर ऐनवेळी अडचण येते."

"गोळीचं नावही लिही," आई म्हणाली.

मग ती मुलगी एकेक मुद्दा मराठीत सांगत गेली. बॅग हरवली तर, विमान चुकलं तर, दात दुखला तर. एका ओळीपाशी येऊन थबकली. "हे राहू दे काकू. तसलं काही लागणार नाही."

"का राहू दे? वाच की."

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "परदेशात मृत्यू झाल्यास पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च," तिनं खालच्या आवाजात वाचलं.

हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला या वाक्याची सवय असायला हवी, पण समोर, फोनच्या पडद्यावर का होईना, स्वतःची आई बसलेली असली की नसते. आई मात्र चष्मा वर सरकवत म्हणाली, "बरं. म्हणजे मेलेल्याला आणता. आणि माणूस जिवंत आहे, पण बसता येत नाही, तर त्याला कसं आणता?"

असा प्रश्न त्या मुलीला आजवर कुणी विचारला नसावा. ती दोन्ही पॉलिसींची पानं मागेपुढे करत राहिली. स्वस्त पॉलिसीत फक्त परतीचं तिकीट होतं. महाग पॉलिसीत मात्र, डॉक्टरांनी गरज आहे असं लिहून दिलं तर, झोपवून आणि सोबत नर्स देऊन घरापर्यंत पोचवण्याची सोय होती.

"विमानात झोपवून?" आईनं विचारलं.

"लिहिलंय तसं. मी कधी बघितलं नाही काकू."

मीही बघितलं नव्हतं.

"मग हीच काढ," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती वगैरे काही नव्हती. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, "अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला सगळी वाडी धावते गं. परत आणायला कुणी नसतं. मी बघितलंय ना."

आई आली. पहिले काही दिवस तिनं शेजारच्या बाकाल्यातल्या, म्हणजे आपल्या किराणा दुकानासारख्या दुकानातल्या, माणसाशी हिंदीत गप्पा मारून भाज्यांची चौकशी केली. एक दिवस माझ्या वॉर्डाच्या बाहेर उभी राहून तिनं काचेतून आत पाहिलं आणि मी बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवला. मग एका शुक्रवारी आम्ही चार मराठी घरांनी मिळून खैरानला समुद्रकाठचं शॅले, म्हणजे सुट्टीचं घर, भाड्यानं घेतलं. आई डोंगरातली, तिनं समुद्र असा पायाशी कधी पाहिला नव्हता. भर दुपारी ती पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांवर उभी होती. पाणी इतकं नितळ होतं की तळाची वाळू दिसत होती. "अगं, याला लाटाच नाहीत," असं म्हणून तिनं पाऊल पुढे टाकलं, आणि शेवाळावरून तिचा पाय गेला.

ती ओरडलीसुद्धा नाही. मी धावले तर ती पायरीवर एका कुशीवर पडलेली. "उचलू नको," एवढंच म्हणाली. "हाड आहे." आम्ही ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिला तशीच ठेवली, वर टॉवेल धरून सावली केली.

कमरेच्या घेराचं हाड दोन ठिकाणी तडकलं होतं. ऑपरेशन नको, पण कित्येक आठवडे उताणं पडून राहायचं, बसायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिच्या व्हिशाचे दिवस मात्र सरत चालले होते. आणि खरं सांगायचं तर तिला घरी जायचं होतं. ती माझ्यासमोर रडली नाही, पण भिंतीकडे मान वळवून पडून राहायची.

मी विमा कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. पलीकडे एक बाई होत्या. कुठल्या देशातून बोलत होत्या ते मी विचारलंच नाही. त्या रोज संध्याकाळी फोन करू लागल्या, आणि त्यांचे प्रश्न ऐकून मी चकित होत गेले. अम्मांना कुशीवर वळवता येतं का? वेदनेची गोळी किती वेळ पुरते? गावातल्या घराचा दरवाजा किती रुंद आहे? उंबरठा आहे का? शेवटच्या वळणावर ॲम्ब्युलन्स जाईल का? आमच्या गावातलं ते वळण, जिथं दुधाची गाडीसुद्धा कशीबशी वळते, त्याची काळजी कुठल्या तरी देशातली एक अनोळखी बाई करत होती. मी शेजाऱ्यांना सांगून उंबरठ्याचा फोटो मागवला आणि त्यांना पाठवला. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, चार माणसं लागतील, सांगून ठेवते."

निघायच्या आदल्या दिवशी सोबतीचा नर्स आला. केरळचा, पन्नाशीचा, शांत माणूस. आईची फाइल वाचायच्या आधी त्यानं तिची पावलं हातात घेऊन ऊब बघितली. तिला ते फार आवडलं. दोघं एकमेकांशी मोडक्या हिंदीत धंद्याचं बोलू लागले, आणि मी, तिसरी नर्स, बाजूला उभी.

सकाळी आम्हा तिघांना घेऊन ॲम्ब्युलन्स थेट धावपट्टीच्या बाजूला, विमानापाशी गेली. तिथं एक उंच गाडी उभी होती. तिच्या पाठीवरची आख्खी खोलीच वर उचलली जाते. आईचं स्ट्रेचर तिच्यात ठेवलं आणि ती खोली हळूहळू वर चढायला लागली. आईच्या तोंडावर ऊन पडलं. खाली माणसं लहान लहान होत गेली. ती डोळे मोठे करून बघत होती, आणि मी तिच्याकडे.

विमानाच्या मागच्या भागात खिडकीकडच्या काही खुर्च्या पाठी पाडून सपाट केल्या होत्या. त्यांच्यावर स्ट्रेचर घट्ट बसवलेलं, भोवती पडदा, वर ऑक्सिजनची नळी. एवढं मोठं विमान, ज्यात बॅग ठेवायच्या जागेवरून माणसं भांडतात, त्यात एका म्हाताऱ्या बाईला पाय पसरायला जागा करून ठेवली होती. मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. मी आयुष्यभर माणसं हलवत आले, पलंगावरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून पलंगावर. पण त्या क्षणी मला आपल्या कामाचा आकार पहिल्यांदा दिसला. सातासमुद्रापार असा माणूस उचलून नेता येतो, आणि ते कुणाच्या ना कुणाच्या हातांनीच होतं.

बाकीचे प्रवासी आले. बरेचसे करार संपवून घरी निघालेले कामगार. पुढच्या रांगेतल्या एकानं पडद्याच्या फटीतून आत बघितलं आणि कोकणी हेल काढून विचारलं, "आजी, काय झालां?"

"पाय घसरला बाबा. समुद्र बघत होते."

"बऱ्या होशात," तो म्हणाला आणि पडदा नीट ओढून घेतला.

विमान सुटायच्या आधी आई एकदम बोलायला लागली. "आम्ही बाळंतिणीला बाजेवर घालून डोंगरातून खाली आणायचो. उताराला बाज तिरपी झाली की ती घाबरायची. म्हणायची, सिस्टर, मी घसरते."

"मग तू काय म्हणायचीस?"

"काय म्हणणार? हात धरून चालायचे तिचा."

विमानानं नाक वर केलं. स्ट्रेचर तिरपं झालं. मी पट्टा बांधून पुढच्या खुर्चीत होते, मला मागे वळता येईना. कशीबशी मान वळवून पडद्याच्या फटीतून पाहिलं, तर नर्सनं आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला होता. त्याला मराठी येत नव्हतं. आम्ही काय बोललो ते त्याला कळलेलं नव्हतं.

मुंबईला ॲम्ब्युलन्स उभी होती. घाट चढून आम्ही रात्री उशिरा गावात पोचलो. उंबरठ्यापाशी चार माणसं खरोखरच उभी होती. आईला आत नेलं, तिच्या खोलीत भाड्याचा दवाखान्यातला पलंग आधीच लावलेला होता. नर्सनं आमच्याकडे पिठलं-भाकरी खाल्ली आणि आईच्या पाया पडून तो निघाला. दुसऱ्या दिवशी त्याला आणखी कुणाला तरी कुठून तरी आणायचं होतं.

आई पावसाळ्यापर्यंत वॉकर घेऊन अंगणात फिरू लागली, दिवाळीला काठीवर आली. वाडीवरच्या बायका तिला बघायला येतात, तेव्हा ती हाड मोडल्याचं फारसं सांगत नाही. विमानापाशी ती खोली कशी आकाशात चढली ते सांगते, आणि बायका तोंडाला पदर लावून ऐकत बसतात.