आडातले बुडबुडे

नसरापूरला सर्व्हिस मोटारीतून उतरलो आणि तोरणा बघायचा म्हणून वेल्ह्याची वाट धरली. चैत्राचं ऊन, पाठीवर वळकटी आणि पुण्याच्या शाळेत शास्त्र शिकवून जडलेली शंका काढायची खोड, एवढं सामान बरोबर होतं.

वाटेतल्या एका वाडीत पाणी मागायला थांबलो. आडाभोवती (पायऱ्या नसलेली अरुंद विहीर) माणसं जमली होती. तळाशी गुडघाभर पाणी उरलेलं, गाळ उपसायचा होता. पाण्यावर बुडबुडे दिसले म्हणून कोणी हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता.

"झरा फुटला, पाव्हणं!" गाळ काढायला उतरणारा धोंडिबा म्हणाला. उतरायची घाई मात्र त्याला दिसली नाही.

मी वाकून पाहिलं. हा झरा नव्हता. झऱ्याचे बुडबुडे एकाच जागेवरून, माळेसारखे, न थांबता येतात. हे घोळक्याने यायचे, थांबायचे, मग भलतीकडेच फुटायचे. पाला कुजून गाळात वायू अडकला की असं होतं, आणि तो आडात साठला तर माणूस गुदमरतो.

"मी शास्त्राचा मास्तर आहे, थांबा!" मी ओरडलो. "आधी कंदील सोडा. विझला तर कोणी उतरायचं नाही."

कंदील खाली गेला. ज्योत मात्र खुशाल जळत राहिली, आणि लोक हसले. मला हायसं वाटलं, थोडी लाजही वाटली.

"उतरा, काही हरकत नाही," मी म्हणालो.

धोंडिबाची बायको सखुबाई दोर घेऊन पुढे झाली. "ह्यो कमरंला बांधल्याबिगर उतरायचं न्हाई." तो कुरकुरला, पण बांधून घेतला.

खाली पोचून त्याने पहिलं खोरं मारलं आणि पाणी खदखदलं. गाळाने धरून ठेवलेले बारीक बुडबुडे सुटले, एकमेकांत मिसळून मोठाले झाले आणि भसाभस वर आले. माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. कंदिलाने आडातली हवा तपासली होती, गाळात काय दडलंय ते त्याला कसं कळणार?

"वर या!" मी किंचाळलो. धोंडिबाने मान वर केली आणि भिंतीला टेकून तो खाली घसरला.

सखुबाईने दोर ओढला, आम्ही चौघांनी हात लावला. काठावर निजवला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे पडले होते. मी माणूस मारला, एवढंच मनात घुमत होतं. बऱ्याच वेळाने तो खोकला.

दुपारी त्याच्याच ओसरीवर नाचणीची भाकरी आणि पिठलं पुढे आलं. मी हात जोडले. "माझं चुकलं."

"तुमास्नी कशाला बोल लावू, मास्तर?" तो क्षीण आवाजात म्हणाला. "त्या बुडबुड्यांचं म्याबी लई भ्या घेतलं हुतं. कुनापाशी बोललो न्हाई. तुमी शिकल्यालं मानूस, उतरा म्हनलात, मंग भ्या गेलं."

तोरणा न बघताच परतीची मोटार धरली. लोकांच्या मनातली भीती घालवायची, हेच शास्त्राचं काम असं मी वर्गात सांगत आलो. त्या दिवशी एका माणसाची खरी भीती मी घालवली, आणि तो वाचला बायकोच्या भीतीमुळे.