धोट्याची चाल कोणाची

त्र्याहत्तरचा गणेशोत्सव: मी कंपनीस लेखी नियम दिला. चौऱ्याहत्तरची होळी: त्या नियमानुसार पहिला जाहिरातपट पडद्यावर आला. पंचाहत्तरचा दसरा: नियमाचे श्रेय दुसऱ्यास देण्यात आले. जबाबदार व्यक्ती दोन, आमचे शेठ आणि शेलार गावचा पेंटर.

भिवंडीतील एका कापड कंपनीचा पत्रव्यवहार मी सांभाळीत असे. वकिलीची परीक्षा अपुरी राहिली होती, कलमे लिहिण्याची सवय मात्र राहिली. चादर, लुंगी आणि साडी यांचे छोटे जाहिरातपट टॉकीजमध्ये मध्यंतरास दाखवीत. एकात कंपनीचे नाव वरून पडे, दुसऱ्यात गरगर फिरे, तिसऱ्यात फुलातून निघे. लोकांना त्या तीन निराळ्या कंपन्या वाटत. म्हणून मी चार कलमे लिहिली. मागावर आडवे सूत नेणारा धोटा पडद्याच्या डावीकडून निघेल. प्रत्येक पटात त्याचा वेग एकच राहील. तो मागे सूत सोडील. मध्यभागी थांबेल आणि सुतातून नाव उमटेल. अपवाद नाही.

पहिल्या खेळास मी शेठजींच्या शेजारी बसलो होतो. भोवती दिवसपाळी संपवून आलेले माग चालवणारे कामगार. धोटा निघाला आणि पडद्याच्या मधोमध थांबला.

"शटल फस गया," मागून कोणी म्हणाले.

"जॉबर को बुलाओ. आज की दिहाडी गयी."

माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला हाक गेलेली ऐकून सारी टॉकीज हसली. नाव कोणी वाचलेच नाही.

या पटांची चित्रे पेंटर काढी. त्यापूर्वी त्याने काही वर्षे माग चालवला होता. दुसऱ्या दिवशी तो कचेरीत आला. "भाऊसाहेब, धोटा मधी थांबत न्हाय. मधी अडकला म्हंजी ताणा, उभं सूत, तुटला. पार कडंला जाऊ द्या, तिथल्या धोट्याच्या पेटीवर ठोका वाजू द्या, मंग नाव काढा."

शेठ मला म्हणाले, "तुम्ही रोज मागांमधून येता-जाता. लक्ष कुठे असतं?"

"कागदावर," पेंटरने परस्पर उत्तर दिले.

चौथे कलम मी स्वहस्ते बदलले. त्यानंतर तिन्ही पटांत तोच धोटा, तीच दिशा, तोच वेग, तोच ठोका. ठोका पडताच, नाव उमटण्याआधीच, प्रेक्षक कंपनी ओळखू लागले.

दसऱ्यास शेडमध्ये मागांची पूजा झाली. शेठजींनी पेंटरच्या खांद्यावर शाल घातली. "आपल्या जाहिरातीला चाल दिली ती यांनी," असे ते म्हणाले. पेंटर खाली पाहत राहिला. नाही म्हणाला नाही. मीही टाळ्या वाजवल्या. त्या थंडीत तो शाल पांघरून सायकलवरून कचेरीपुढून जाई, आणि मी खिडकी लावून घेई.

मला मत्सर वाटला, हे मी नाकारीत नाही. शालीचा कमी, ठोक्याचा अधिक. बारा वर्षे मी तो आवाज ऐकत पत्रे लिहिली, आणि तो मला ऐकू आला नव्हता. परंतु एका ठोक्याने चार कलमांची मालकी बदलत नाही.

शेठ आता हयात नाहीत. तेव्हा माझी मागणी पेंटरकडे आहे. येत्या दसऱ्यास, त्याच शेडमध्ये, पूजेस जमलेल्या सर्वांसमक्ष त्यांनी सांगावे की पहिली तीन कलमे कोणी लिहिली. ठोका त्यांचा, हे मी येथे सहीनिशी मान्य केले आहे. आता उत्तर त्यांनी द्यावे.